राघूची विनापरवाना हजेरी

ज्या पदार्थाला काहीच चिकटत नाही, त्याची शासनाला फार दिवसांपासून गरज होती. म्हणून ईट गावच्या महिलांना नॉनस्टिक तवे वाटायचा आदेश आला, तेव्हा विस्तार अधिकारी शिवानंदसाहेबांचा ऊर भरून आला. (तवे चाळीस, महिला एकशे बारा. प्रमाण समाधानकारक.)

समाजमंदिराची किल्ली सापडेना, म्हणून प्रात्यक्षिक सिताबाईंच्या स्वयंपाकघरात ठरलं. साहेबांनी रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवला आणि भाषण सुरू केलं. या लेपात कार्बनला फ्लोरिननं असं घट्ट धरलेलं असतं, की दुसऱ्या कुणाला धरायला दोघंही मोकळे नसतात.

"मग ह्यो लेप तव्याला कसा धरून बसलाय?" सिताबाईंनी विचारलं.

साहेबांना उत्तर ठाऊक होतं. आधी तवा खडबडीत करतात, मग लेप त्या खाचांत रुतवून भाजतात. पण ते भाषणाच्या सतराव्या पानावर होतं. "क्रमानं येईल," ते म्हणाले.

अकराव्या पानाला तवा धुरावला. खिडकीत येऊन बसलेल्या राघू पोपटानं मान टाकली.

"साहेब, गॅस बंद करा! पाखरू मरतंय!" राघूला पदरात घेऊन सिताबाई अंगणात धावल्या. साहेबही पान दुमडून मागोमाग गेले. वारा लागल्यावर राघूनं डोळे उघडले आणि विचारपूस करणाऱ्या साहेबांचं बोट फोडलं.

सिताबाईंनी तक्रार दिली. चौकशी झाली. तवा निर्दोष (रिकामा तापवू नये, असं खोक्यावर इंग्रजीत छापलेलं होतं). अधिकारी निर्दोष (मराठी माध्यम). राघू मात्र नाव न नोंदवता प्रशिक्षणाला हजर होता. शिवाय रानपोपट पाळणं गुन्हा, म्हणून मालकाचा खुलासा मागवण्यात आला.

"म्या कुठं पाळलाय? त्यो मनानं येतो, मनानं जातो," सिताबाई म्हणाल्या.

मालक नाही, म्हणजे नुकसान नाही. प्रकरण मिटलं.

साहेबांना मात्र चैन पडेना. एक पिकला पेरू घेऊन ते सिताबाईंकडं गेले आणि हळूच म्हणाले, "काकू, रिकामा तवा तापवत जाऊ नका. लई तापला की त्याचा धूर पाखरांना सोसत नाही."

"व्हय," पेरू राघूपुढं ठेवत सिताबाई म्हणाल्या, "पर आमाला त्यानं तुमच्या आधीच सांगितलंय."

आपल्या स्वयंपाकघरात बहुधा पोपट नसेल. (नियमानुसार नसावाच.) तेव्हा पहिल्यांदा मान कुणी टाकायची, हे घरातल्यांनी एकदा बसून ठरवून घ्यावं.