सहा वितींचा इंटरकूलर

एका जंगलात गाड्या सगळ्यांकडे होत्या, पण रस्ता एकच होता. तोही घाटाचा. खाली सावली आणि वर पठारावर पाणी, त्यामुळे दिवसभर सगळे वर-खाली करायचे. पेट्रोल कुठून यायचं, असं मध्येच विचारू नका. गोष्टीत पेट्रोल मिळतं.

तर बाळांनो, या जंगलात मुकिंदा नावाचं एक मुंगूस राहायचं. मुकिंदाची गाडी लहानशी, पण टर्बोची. टर्बो म्हणजे काय? इंजिनातून जो धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. पंगतीत वाढपी "अजून एक, अजून एक" करत जिलब्या वाढतो ना, तसं. जास्त हवा, जास्त जोर. पण कोंबाकोंबी केली की हवा तापते. तापली की फुगते. आणि फुगलेली हवा इंजिनाच्या पोटात कमी मावते. म्हणून तिला आधी एका जाळीदार पेटीतून फिरवून गार करतात. ही पेटी गाडीच्या नाकाशी बसते. तिला म्हणतात इंटरकूलर.

मुकिंदाच्या गाडीचा इंटरकूलर अगदीच चिमुकला होता. उन्हाळ्यात घाटाच्या शेवटच्या वळणांवर गाडीला धाप लागायची. एरवी त्याचं काही बिघडलं नसतं. पण मुकिंदाचं लग्न ठरलं होतं.

नवरी पठारावरची सगुणा. ती जीप चालवायची, तीही शिट्टी वाजवत. मुकिंदाचा तिच्यावर इतका जीव होता, की नुसता जीपचा हॉर्न ऐकला तरी त्याची शेपूट फुलायची. लग्न ऐन वैशाखात, मुहूर्त भर दुपारचा. आणि सगुणेचे वडील हैबतराव यांनी बजावलं होतं, "मुहूर्त टळला तर लग्न मोडलं. ज्याला वेळेवर येता येतं, अशा मुलाला मुलगी देईन."

मुकिंदा घाबरला. धोंडूमामाला बरोबर घेऊन तो घाटाखालच्या बंडू तरसाच्या गॅरेजात गेला.

"इंजिन केवढं?" तरसानं विचारलं.

"एवढंसं."

"मग इंटरकूलर दोन वितींचा घे. त्याहून लहान घेतलास तर हवा गार होणार नाही. त्याहून मोठा घेतलास तर हवेला आधी ती पेटी भरावी लागेल, मग ती इंजिनात जाईल. तू ॲक्सिलरेटर आत्ता दाबशील आणि गाडी संध्याकाळी पळेल. वर मागच्या रेडिएटरला वारा लागायचा नाही. पाणी उकळेल. खी खी खी!"

आता तरस म्हटला की हसणारच. बंडू मयताला गेला तरी हसायचा. त्यामुळे तो खरं बोलतोय की थट्टा करतोय, हे जंगलात कुणालाच कळत नसे. अख्ख्या जंगलात गाड्यांचं एवढं ज्ञान कुणाला नव्हतं, आणि ते ज्ञान कुणी मनावर घेत नव्हतं.

"दोन विती?" धोंडूमामा ओरडला. "नवरदेवाची गाडी आहे की भाजीची?"

इथे तुम्हाला या जंगलाची एक रीत सांगायला हवी. लग्नात मुलाची गाडी पाहायची, पण बॉनेट उघडायचं नाही. परक्याचं बॉनेट उघडणं म्हणजे परक्याच्या घरात शिरून डबे हुंगण्यासारखं. सभ्य प्राणी समोर उभं राहून नाकाच्या जाळीतून जेवढं दिसेल तेवढंच बघायचे. आणि जाळीतून दिसतो फक्त इंटरकूलर.

"रानडुकराच्या बबनचा चार वितींचा होता," मामा म्हणाला. "हैबतरावांच्या स्वतःच्या गाडीला पाच वितींचा आहे. आपण सहाचा लावू."

"पण मामा, इंजिन..."

"इंजिन कुणाला दिसतं?"

मुकिंदाला मनातून दोन विती पटल्या होत्या. पण सासऱ्यासमोर दोन वितींनी उभं राहायचं, या नुसत्या कल्पनेनं त्याला घाम फुटला.

"वीत कुणाची धरायची?" त्यानं हळूच विचारलं.

"अस्वलाची," मामा म्हणाला.

तरस हसला आणि कामाला लागला. गिऱ्हाईक मागेल ते द्यायला त्याची कधीच हरकत नसे. त्यानं बंपर कापला, तरी पेटी मावेना. मग दिवे काढले. "दुपारचं लग्न आहे, दिवे कशाला?" मामा म्हणाला. मग नंबरप्लेट टपावर गेली. शेवटी इंटरकूलर बसला. खरं म्हणजे इंटरकूलर होता तिथेच होता, गाडीच त्याच्या मागे जाऊन बसली. समोरून पाहिलं तर वाटायचं, एखादी जाळीची खिडकी कुणीतरी फिरायला काढली आहे.

लग्नाच्या दिवशी मुंडावळ्या बांधून मुकिंदा गाडीत बसला. शेजारी मामा. सपाटीवर गाडी झकास चालली. रस्त्याकडेला जमलेल्या माकडांनी शिट्ट्या मारल्या, आणि एक म्हातारी माकडीण तर कडाकडा बोटं मोडून म्हणाली, "काय बाई नाक, नाक!" मुकिंदाची छाती फुगली.

मग घाट लागला.

मुकिंदानं ॲक्सिलरेटर दाबला. काही झालं नाही. त्यानं आणखी दाबला. टर्बोनं हवा कोंबली, हवा पेटीत शिरली, पेटीत जागाच जागा, ती बिचारी भरतेय भरतेय, भरतच बसली. एवढ्यात सरळ रस्ता संपला, वळण आलं, आणि नेमका तेव्हा सगळा जोर एकदम आला. गाडी दरीकडे झेपावली.

"ब्रेक! अरे ब्रेक!" मामा किंचाळला.

मुकिंदानं ब्रेक दाबला. जोर गेला. पुन्हा सरळ रस्ता, पुन्हा गाडी ढिम्म. पुन्हा वळण, पुन्हा गाडीच्या अंगात वारं. असं करत करत ती घाट चढली. घाट अर्धा झाला आणि पुढच्या पेटीनं वारा अडवल्यामुळे रेडिएटर शिजला. फुस्स करून वाफ निघाली आणि गाडी थांबली ती थांबलीच.

मुकिंदानं डोक्यावरचं ऊन पाहिलं. मुहूर्त जवळ आला होता. पठारावर हैबतराव उभे असणार, आणि मांडवात वेळेवर आलेली चार-दोन लग्नाळू मुंगसंही असणार.

तेवढ्यात वरून हॉर्न वाजला. सगुणेनं कड्यावरून वाफ पाहिली होती आणि शालू खोचून तिनं जीप काढली होती. जीपमध्ये मागे वाजंत्री बसले होते. नवरदेवाला वेशीवर सामोरं जायचं म्हणून ते केव्हाचेच चढून बसले होते, त्यांना उतरवायला वेळ कुणाला होता? मुहूर्ताआधी नवऱ्याचं तोंड पाहायचं नाही म्हणून सगुणेनं वळणावर जीप फिरवली, उलटी मागे आणली आणि पाठमोरीच बोलली.

"केवढा लावलास?"

"सहा वितींचा."

"आणि इंजिन?"

"होतं तेच."

सगुणेनं न वळताच मागे एक दोरी फेकली. मग म्हणाली, "मामा, दोरी बांधा आणि इकडे येऊन बसा. गाडी हलकी होऊ दे."

मामानं दोरी कशाला बांधली? जे सगळ्यात मोठं दिसलं त्याला. सगुणेनं जीप दामटली. खाडकन आवाज झाला. सहा वितींचा इंटरकूलर गाडीतून निघाला आणि उड्या मारत जीपमागून घाट चढू लागला. मुकिंदा स्टिअरिंग धरून होता तिथेच राहिला.

ढोलाच्या दणदणाटात सगुणेला काही ऐकू आलं नाही. वाजंत्र्यांनी सगळं पाहिलं, पण तोंडात सनई असताना कुणी बोलणार कसं? आणि धोंडूमामा समोर तोंड करून सगुणेला आपल्या घराण्याचा इतिहास सांगत होता.

जीप मांडवात पोचली. बायकांनी सगुणेला तसंच आत नेलं. जीपमागे दोरी होती, दोरीला इंटरकूलर होता, आणि त्याच्यामागे नुसती धूळ.

"मुलगा कुठाय?" हैबतरावांनी विचारलं.

मामानं वळून पाहिलं. दोरीला गाडीच नव्हती. पण मामा तो मामाच.

"हैबतराव," तो खाकरून म्हणाला, "पूर्वी राजे लढाईत गुंतले की लग्नाला काय पाठवायचे?"

"आपला खांडा पाठवायचे. तलवारीशी लग्न लागायचं."

"मग? आमच्या मुलानं हा पाठवलाय."

हैबतराव इंटरकूलरभोवती एक फेरी मारून आले. मग त्यांनी हळूच मोजला. "सहा?"

"सहा. अस्वलाच्या."

हैबतरावांचे डोळे पाणावले. "जावयानं नाव काढलं," ते म्हणाले. "लावा लग्न!"

भटजी होता बगळा. तो एका पायावर डोळे मिटून उभा राहिला की समोर कोण आहे याची चौकशी करत नसे. इंटरकूलरला पाटावर उभं केलं, मुंडावळ्या बांधल्या. मध्ये अंतरपाट धरला. पलीकडे सगुणेला आणून उभं केलं आणि बगळ्यानं मंगलाष्टकं सुरू केली.

इकडे मुकिंदानं आपल्या गाडीचं नाक एकटंच लग्नाला जाताना पाहिलं. मग गाडीतून उडी टाकून त्यानं धूम ठोकली. वळणंबिळणं सोडून थेट चढणीवरून. गाडी घेतल्यापासून तो धावलाच नव्हता. त्याला नवल वाटलं, पाय उचलला की लगेच पुढे जाता येतं! इतक्यात वरून "सावधान" ऐकू आलं आणि पाठोपाठ टाळ्या. आपलं लग्न आपल्यावाचून लागतंय, आणि कुणाचं काही अडत नाही, हे कळून त्याला रडू कोसळलं. तो रडत रडत धावला.

तो मांडवात शिरला तेव्हा अंतरपाट नुकताच खाली आला होता. सगुणेच्या हातात हार होता. तिनं समोर पाहिलं. समोर मुंडावळ्या बांधलेली जाळी. मग तिनं मांडवाच्या दाराकडे पाहिलं. तिथे धुळीनं माखलेला, धापा टाकणारा, नाक ओढणारा मुकिंदा. सगुणा आधी गालात हसली, मग खो खो हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "ये लवकर!"

"थांब!" हैबतराव गरजले. "हार खांड्याला पडेल. मान त्याचा आहे. तो वेळेवर आलाय."

"आणि मी?" मुकिंदानं विचारलं.

हैबतरावांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्यांना मोजण्यासारखं काही दिसलं नाही. "तू त्याचा मालक आहेस," ते मोठ्या मनानं म्हणाले. "जेवून जा."

पंचांचं मत पडलं, की खांड्याशी लग्न लागलं म्हणजे मालकाशीच लागलं, मुलगी मुकिंदाची. मात्र नाव घ्यायचं ते अंतरपाटामागे उभा होता त्याचं. सगळ्यांना न्याय पसंत पडला. बायकांनी गलका केला, "नाव घे, नाव घे!"

सगुणेनं इंटरकूलरला हार घातला. दुसऱ्या हातानं मुकिंदाला जवळ ओढलं आणि नाव घेतलं:

"हवा केली गार गार, गाडी ठेवली घाटात,
इंटरकूलररावांचं नाव घेते, मुकिंदाचा हात हातात."

तात्पर्य: इंटरकूलर इंजिनाच्या मापाचा घेतला, तर नवरदेव वेळेवर पोचतो. सासऱ्याच्या मापाचा घेतला, तर नवरदेवाची गरजच पडत नाही.