मेंदूचं अनावरण

चौकात स्कूटर थांबवून हर्षदाने वर पाहिलं. पानटपरीच्या वर, विजेच्या खांबापासून सोसायटीच्या गोडाऊनपर्यंत नवाकोरा फ्लेक्स ताणून बांधला होता. एका बाजूला गॉगल लावलेला रुद्र, दुसऱ्या बाजूला त्याच्या आख्ख्या डोक्याहून मोठा, राखाडी रंगाचा मेंदू. वर सोनेरी अक्षरं: 'चि. रुद्र यांच्या मेंदूची जागतिक संशोधनासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांची रांग. निम्म्यांनी हात जोडलेले, निम्म्यांनी मोबाईल कानाला लावलेले.

निवड वगैरे काही झाली नव्हती. पुण्याची एक संस्था शिरूर आणि दौंडकडच्या मुलांच्या मेंदूंच्या प्रतिमा काढत होती. वाढत्या वयात मेंदू कसा घडतो, काही मुलं भेदरट किंवा अबोल का होतात, याचा तो अभ्यास. मुलांना गाडीने पुण्याला न्यायचं, मोठ्या यंत्रात निजवायचं, खाऊ देऊन घरी सोडायचं. मग त्या प्रतिमा जगभरच्या अभ्यासकांसाठी नेटवर खुल्या व्हायच्या, अगदी फुकट. पण नाव-गाव काढून आणि चेहरासुद्धा पुसून, म्हणजे हा मेंदू कुणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये.

घरोघरी जाऊन हे पटवण्याचं काम दौंडच्या हर्षदाकडे होतं. "कुणाला कळणार नाही," असा शब्द तिने प्रत्येक उंबऱ्यावर दिला होता. आणि संस्थेने मात्र मोठ्या कौतुकाने प्रत्येक मुलाला त्याच्या मेंदूचा छापील फोटो भेट दिला होता. इतर घरांत तो कपाटात गेला. रुद्रचे आजोबा, सोसायटीचे चेअरमन सावळारामआबा, तो घेऊन थेट फ्लेक्सवाल्याकडे गेले.

एरवी हेही निभावलं असतं. पण आज संस्थेच्या नीतिसमितीचे अध्यक्ष डॉ. विश्वजीत गावात येणार होते, आणि नेमकं हेच तपासायला, की कुणाची ओळख फुटत तर नाही ना. फुटत असेल तर अभ्यास बंद. सध्या त्यांची गाडी शिक्रापूरला ट्रकांच्या गर्दीत अडकली होती, आणि जन्मात पहिल्यांदाच हर्षदाला त्या ट्रॅफिकविषयी माया वाटली.

आबा टपरीच्या बाकावर बसून फ्लेक्सकडे लेकीच्या लग्नाचा मांडव बघावा तसे बघत होते.

"आबा, हा फ्लेक्स उतरवावा लागेल. आत्ताच्या आत्ता."

"का? काय चुकीचं लिवलंय?"

"नावच लिहायचं नसतं. मेंदू कुणाचा हे कळता कामा नये."

"मंग उपेग काय त्याचा? अमेरिकेतल्यांनी बघायचा आन् चौकातल्यांनी न्हाई?"

"अमेरिकेत नाव कळत नाही, आबा."

"म्हनून तर हितं लिवलं," आबा समजूत घालावी तसे म्हणाले. "आन् उतरवायचं म्हंजी काय खेळ हाय? एवढ्या मानसांचे फोटू लावल्यात. उतरवला तर समदे रुसतील. सोसायटीची निवडनूक तोंडावर आलीय."

अर्धा तास मनधरणी झाली. शेवटी आबा एका गोष्टीला तयार झाले. उतरवायचा नाही, पण साहेब जाईपर्यंत झाकायला त्यांची ना नव्हती.

एवढा मोठा फ्लेक्स झाकणारं कापड गावात एकाच माणसाकडे होतं. तो म्हणजे मांडववाला हनुमंत. फ्लेक्सही तोच छापायचा. त्याने लाल साटीनचं, सोनेरी झालरीचं कापड आणलं, वर चढून झटक्यात बांधलं आणि हाताच्या सवयीने दोरीला सरकगाठ मारून तिचं टोक खाली सोडलं. हर्षदाने सुटकेचा श्वास टाकला. तो पुरता बाहेर पडायच्या आत सरूबाई समोर उभ्या राहिल्या.

सरूबाईंची नात सायली घरात पोपटासारखी बोलायची, शाळेत मात्र तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. तिला यंत्रात पाठवायला सरूबाईंना राजी करताना हर्षदाच्या चपला झिजल्या होत्या, आणि तिचा नंबर अजून लागायचा होता.

"ताई, तुमी काय म्हनला व्हता? कुनाला कळनार न्हाई," सरूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "सकाळी मी सोता वाचून घेतलं त्या बोर्डावरचं. उद्या आमच्या पोरीचं नाव लागंल. येडी म्हनत्याल तिला."

"आजी, ते आबांनी केलंय. आम्ही नाही केलं."

"कुनी बी करा. तिचं नाव काढा. आन् सायेब येनार हायेत ना, त्यास्नी मी सोता सांगते." आणि त्या साहेबांची वाट बघत चौकातच थांबल्या.

त्या थांबल्या म्हणून आणखी दोघीजणी थांबल्या. आणि खरा घोटाळा तिथून सुरू झाला. चौकात फ्लेक्स, त्यावर साटीनचं झालरवालं कापड, खाली लोंबणारी दोरी. याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो. कुणीतरी हार आणला. कुणीतरी नारळ आणला. सोसायटीतून खुर्च्या आल्या, पाठोपाठ स्पीकर आला. विरोधी पॅनेलचे पोपटराव काय आहे ते बघायला आले आणि पहिल्या रांगेत बसले. हर्षदा एकेकाला सांगत सुटली, "अहो, कार्यक्रम नाही काही." त्यावर प्रत्येकाने तिला, पाहुणे किती वाजता येणार, एवढंच विचारलं. आबांना तर मनातून हे सगळं इतकं गोड वाटत होतं, की त्यांनी घरी जाऊन फेटा बांधून आणला.

तेवढ्यात पांढरी गाडी चौकात शिरली. डॉ. विश्वजीत म्हणजे साठीचे, किडकिडीत, गरजेपुरतंच बोलणारे गृहस्थ. गाडीतून एक पाय बाहेर पडतो न पडतो तोच त्यांच्या गळ्यात हार पडला आणि स्पीकरवर प्रमुख पाहुण्यांचं स्वागत झालं. हर्षदा गर्दीतून वाट काढत होती.

"सर, एक मिनिट, ते ओढू नका."

पण सरांच्या हातात दोरी आली होती. गावकऱ्यांच्या रीतीभातींचा मान राखावा, हा नियम त्यांनी स्वतः लिहिलेला होता. त्यांनी दोरी ओढली.

कापड घसरत खाली आलं. टाळ्या झाल्या. सर मात्र मान वर करून बघतच राहिले. नाव वाचलं असणार, गॉगल पाहिला असणार, आणि आता ते त्या मेंदूकडे एकटक बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता. हर्षदाने मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

तेव्हा पोपटरावांनी मोबाईलवर फ्लेक्सचा फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा केला.

"आबा, ह्यो डाव्या अंगाला खड्डा कसला? आतनं उकरल्यावानी दिसतंय."

आबांनी बघितलं. शेजारच्यांनी बघितलं. खड्डा होता.

"तरीच," पोपटराव शांतपणे म्हणाले. "तुमची चेअरमनकी तशी का झाली ते आत्ता समजलं. घरान्यातच हाय."

एरवी आबांनी याचा हिशेब तिथल्या तिथे चुकता केला असता. आज ते मटकन खुर्चीत बसले. फेटा कलंडला, तो त्यांनी सावरला नाही. "ताई," ते हर्षदाला म्हणाले, "माझ्या नातवाच्या डोक्यात खड्डा हाय आन् तुमी बोलला न्हाई?" तिने रुद्रचा फोटो पाहिला होता, पण हे असं काही तिला आठवत नव्हतं.

"आसला मेंदू आसल्यावर," पोपटरावांचं चालूच होतं, "मानूस धड बोलाय बी शिकत न्हाई."

"तो रुद्रचा मेंदू नाही," सर म्हणाले. स्पीकरवाल्याने माईक त्यांच्या तोंडाशीच धरून ठेवला होता, त्यामुळे ते सगळ्या चौकाला ऐकू गेलं.

"मंग कुनाचा हाय?"

सरांनी एकवार हर्षदाकडे पाहिलं. मग फेटा कलंडलेल्या आबांकडे पाहिलं.

"माझा आहे."

आबांची नजर हनुमंताला शोधू लागली. तो कापडाची घडी घालण्यात फारच गुंतला होता.

"आबा, तुमी दिल्याला फोटू लई पुसाट आला आसता," तो घडीकडे बघतच म्हणाला. "मंग नेटवरनं चांगला बगून घेतला. फुकाट व्हता."

"यंत्र नवीन आलं तेव्हा पहिल्यांदा मीच आत निजलो होतो," सर म्हणाले. "कुणीही, कुठेही, कशासाठीही वापरावा, असं मीच लिहून दिलंय. हा खळगा मी गेली कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना दाखवतो. जन्मापासून आहे, त्यात पाणी असतं, त्याने काही बिघडत नाही." ते पोपटरावांकडे वळले. "आणि बोलायचं म्हणाल, तर चौथीपर्यंत शाळेत मी कुणाशीही एक शब्द बोललो नव्हतो. त्याचा खळग्याशी संबंध नाही. मला भीती वाटायची."

पोपटरावांनी मोबाईल खिशात घातला. आबा उठले, फेटा सरळ केला आणि स्वतःच हनुमंताला हाक मारली. "फ्लेक्स उतरव रं. दुसऱ्याच्या मेंदूवर नातवाचं नाव बरं न्हाई दिसत."

गाडीपाशी आल्यावर हर्षदाने भीत भीत विचारलं, "सर, अहवालात काय येणार?"

"मुलांना छापील फोटो देणं बंद करा." सरांनी गळ्यातला हार काढला. "बाकी, एका व्यक्तीची ओळख उघड झाली, हे तर लिहावंच लागेल."

"कुणी उघड केली, असं समिती विचारेल."

"समितीचा अध्यक्ष मीच आहे, आणि ती व्यक्तीही मीच," सर म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

सरूबाई गाडीच्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या. हर्षदाने डोळे मिटून घेतले. आता तक्रार होणार होती. सरूबाईंनी मात्र साहेबांकडे पायापासून डोक्यापर्यंत नीट बघून घेतलं, डोक्यापाशी जरा जास्तच वेळ. मग त्या हर्षदाकडे वळल्या.

"आमच्या सायलीला पुन्याला कवा न्यायचं?" भर चौकात, खणखणीत आवाजात त्यांनी विचारलं.

"आजी, हळू बोला ना," हर्षदा घाईघाईने म्हणाली. "लोक ऐकतायत."

"ऐकू द्या," सरूबाई म्हणाल्या.