आबांचं कडू वांगं

अमळनेरजवळच्या एका खेड्यातल्या आबांनी मला ठेवून घेतलं, म्हणून मी आज उभा आहे. हे आधी सांगतो, कारण पुढे मी त्यांची थोडी थट्टा करणार आहे आणि ती करताना मला भीती वाटते.

आबा भुंग्यांशी भांडतात. सकाळी वांग्याच्या वाफ्यात खांद्यावरचा रुमाल फिरवत ते ओरडत असतात, "तुमले आवतन नही शे! चाला, बाहेर निंघा!" भुंगा ऐकत नाही. मग आबा त्याची आई-बहीण न काढता, फक्त त्याचं कूळ काढतात. भुंग्याचा राग यासाठी, की फुलांची लग्नं आबाच लावतात. आदल्या संध्याकाळी चिमट्यानं कळी उघडून तिच्यातले पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, वर धोतराच्या फडक्याची पिशवी बांधायची. या पिशव्यांपायी आबांचं धोतर दरवर्षी आखूड होतं. गावातल्या लग्नाला ते गुडघ्यापर्यंतच्या धोतरात जातात आणि नवरदेवाला न्याहाळून शेजाऱ्याला म्हणतात, "रगत जंगलनं पाहिजे, चव घरनी!" हे वाक्य ते बोकडाला, एसटीच्या नव्या ड्रायव्हरला आणि सरपंचालाही लावतात.

मी कोकणातला. नववीत शाळा सुटली. एका ठेकेदाराबरोबर दीपनगरच्या वीजकेंद्रावर कामाला आलो, आणि एके दिवशी ठेकेदारच दिसेनासा झाला. घरी कोणत्या तोंडानं जायचं, म्हणून मिळेल त्या गाडीत बसलो आणि टीसीच्या धाकानं अमळनेरला उतरलो. एसटी स्टँडवर बसलो होतो. चोपड्याच्या गाडीतून एक म्हातारा गोणपाटात काटेरी झाड घेऊन उतरला. लोक अंग चोरून बाजूला होत होते. त्यानं ते माझ्या मांडीवर ठेवलं. "हाई धर. काटा शेतस, पन चावत नही. जेवना का रे?"

ते सातपुड्यातलं रानवांगं होतं; आबा असं झाड अधूनमधून आणत. फळ सुपारीएवढं, कडू जहर. पण आमच्या गावात भरताच्या वांग्याची उभी झाडं मर रोगानं माना टाकतात, तेव्हा हे खुशाल उभं असतं. आबांचा हिशेब सरळ होता. रानवांग्याची गावच्या वांग्याशी सोयरीक करायची. जे झाड येईल त्याला पुन्हा गावच्याच वांग्याचे पराग लावायचे. दर पिढीला जंगल थोडं कमी करायचं, फक्त त्याचा चिवटपणा मागे ठेवायचा. मी येण्याच्या कितीतरी आधीपासून हे चाललं होतं. आबांची बायको, अक्का, तेव्हा हयात होत्या. मी त्यांना पाहिलं नाही.

या हिवाळ्यात मर रोगानं गावातली वांगी बसली. एकट्या आबांचा वाफा हिरवागार. जे हसायचे तेच बांधावर येऊन विचारू लागले, "आबा, बी देतस का?" आबा म्हणाले, "पहिले भरीत खा, मंग बी मांगा." सगळं यावरच होतं. चव पटली तर आबांचं वांगं शेताशेतात जाणार होतं.

दुपारी पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, पेटल्या. वांगी भाजली, सोलली, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या पातीबरोबर ठेचली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आल्या. आबा नव्या धोतरात वाढायला उभे राहिले.

पहिला घास घेतला आणि पंगतीतले हात थांबले. मग एकानं हळूच पाण्याचा तांब्या ओढला.

"आबा, भरीत शे का निंबना पाला?"

"डायबिटीसनं औसद म्हनीसन विका!"

"याले मर कसाले लागी? रोगले बी कडू लागस ना!"

हसून हसून लोकांना ठसका लागला. आबाही हसले. सगळ्यांसमोर त्यांनी ते भरीत दोनदा मागून घेतलं आणि पान पुसून खाल्लं. "चांगलं ते शे," म्हणाले. बी कुणी मागितलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी भांडी घासत होतो. आबा शेजारी येऊन उकिडवे बसले.

"खरं सांग. कडू शे का?"

या घराबाहेर मला कुणी ओळखत नाही. तरी म्हटलं, "आहे, आबा. फार कडू आहे."

ते पऱ्हाट्यांची राख उकरू लागले. "मनी जीभ मरी गयी रे. अक्का गयी, त्यानंतर हळूहळू. मीठ बी समजत नही. पहिले तीच चाखे. मी झाड पाहू, ती फळ चाखे. म्हने, आजून जंगल शे यामा. मी म्हनू, अजून एक पिढी."

"मग मला का नाही विचारलंत?"

"तिनी जागा कोनले देऊ?"

मी तांब्या विसळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी न विचारताच वाफ्यात शिरलो. प्रत्येक झाडाचं एकेक फळ भाजून चाखलं. संध्याकाळपर्यंत तोंड विषासारखं झालं. कोपऱ्यातलं एक झाड बाकीच्यांपेक्षा जरा कमी कडू लागलं. आबांना तेवढंच सांगितलं, वाढवून नाही. त्यांनी त्याला लाल दोरा बांधला आणि माझ्याकडे न बघता चिमटा पुढे केला.

गाव अजून हसतं. आबा थकलेत, आणि वांग्याची पिढी कुणासाठी घाई करत नाही. गोड फळ त्यांच्या हयातीत येईल, असं मला वाटत नाही. तोवर मी त्यांना कडूला कडूच म्हणेन. त्यांच्यासमोर खोटं गोड बोलायचं नाही, एवढं ठरवलंय. पण बी मी मोडू देणार नाही. कधीतरी, आबा असोत नसोत, याच शेतात पऱ्हाट्या पेटवीन, भरिताच्या पंगतीत हसलेल्या प्रत्येकाला घरी जाऊन आवतण देईन, आणि दुसऱ्यांदा वाढू का म्हणून विचारीन.