यंत्रलिपिकाची खुर्ची

नळजोडणी कार्यालयात यंत्रलिपिक रुजू झाला, त्या दिवशी त्याच्यासाठी रीतसर खुर्ची मांडण्यात आली. तो संगणकातला निव्वळ प्रोग्राम, बसणार कुठून? पण खुर्चीशिवाय पद भरल्याचं दाखवता येत नव्हतं.

त्याला शिकवण्याचं काम थोरल्या लिपिकबाईंकडे आलं. सगळं कार्यालय त्यांना ताई म्हणे.

"ताई, तुम्ही नेहमीसारखं काम करा," संगणकवाली म्हणाली. "तो बघेल आणि तस्संच करेल."

ताईंनी नेहमीसारखंच केलं. आलेला अर्ज पहिल्यांदा न वाचताच 'त्रुटी आहे' म्हणून परत. ज्याला खरंच पाणी हवंय तो पुन्हा येतोच, हा त्यांचा अनुभव. पुन्हा आलेला अर्ज पंधरा दिवस मुरत ठेवायचा. साहेबांच्या ओळखीतून फोन आला, तर मात्र तत्काळ मंजूर.

यंत्रलिपिक भलताच हुशार निघाला. जेवणाच्या सुट्टीआधीच त्याने गावभरचे अर्ज परत धाडले. साहेबांनी कौतुकाने रिकाम्या खुर्चीची पाठ थोपटली आणि कर्मचाऱ्यांच्या रजाही त्याच्याकडे सोपवल्या. ओळखीच्या लोकांची गैरसोय नको, म्हणून त्याला स्वतंत्र फोनही मिळाला.

त्याच आठवड्यात ताईंच्या लेकीचा फोन आला. "आई, डॉक्टर म्हणतात, आता केव्हाही. मला भीती वाटतेय गं. निघतेस ना?"

"निघालेच, बाळा."

ताईंनी रजेचा अर्ज टाकला. डोळ्याचं पातं लवायच्या आत परत. त्रुटी आहे.

"अगं, कसली त्रुटी?"

"ते तो सांगत नाही," संगणकवाली म्हणाली. "तुम्ही तरी कुठे सांगायचात? पुन्हा टाका. पंधरा दिवसांनी बघेल."

"पंधरा दिवस पोर पोटात थांबणार आहे का?"

ताई साहेबांकडे धावल्या. साहेब हळहळले. "काय सांगू, ताई! माझीच रजा परत आलीय."

उरला फोन. जिन्याखाली उभं राहून, आवाज जाड करून ताईंनी नंबर फिरवला. 'मी साहेबांच्या ओळखीची बोलतेय,' एवढंच म्हणायचं होतं. लाइन व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. दिवस कलला तरी व्यस्त. सगळं गाव एकाएकी साहेबांच्या ओळखीचं निघालं होतं.

तुमचं काम झालं असेल, तर आता ठेवता का फोन? तिकडे लेक दाराकडे डोळे लावून बसलीय.