बस्त्याव पाद्री यांचे सहीची हकीकत

आकाशातील बापास नमन करून जाणत्यांचे तोंडून आले ते लिहितो. शके एकोणीसशे आठ, क्षय नाम संवत्सर, ते साली समुद्रकाठच्या एका राज्यात रोमचे धर्मगादीचे आज्ञापत्र आले की, पुरुषाने पुरुषाशी संग करणे हा अधर्म, ऐसे जोडीने राहतात त्यांस ख्रिस्तप्रसाद देऊ नये, आणि धर्मशास्त्र शिकविणारे सर्वांनी हे वचन अढळ म्हणोन सही करावी. ते समयी बस्त्याव पाद्री पाठशाळेत वीस वर्षे शिकवीत होते, आणि शिकवण ऐसी की, गादीची काही वचने कधी न चुकणारी म्हणोन जाहीर असतात, बाकीची मानावी परंतु तपासावी, आणि हे वचन दुसरे प्रतीचे. ही गोष्ट कोणी बिशपांचे कानी घातली, मग बोलावणे आले. पाद्री निघाले तो मनात भय की इनासचे नाव विचारतील. इनास म्हणजे त्यांचे गावचा केळीबागाईतदार, रुमाव नामे सोबत्यासह अकरा वर्षे एका घरी नांदणारा, आणि पाद्री दोघांसही प्रसाद देत आले होते. बिशपांनी बसावयास सांगितले आणि पुसले, "पाद्रीबाबा, हे वचन चुकले ऐसे म्हणता?" पाद्री बोलले, "महाराज, चुकले म्हणत नाही. चुकणारच नाही ऐसे गादीने स्वतः म्हटलेले नाही, इतकेच." बिशप हळू म्हणाले, "मलाही वर जबाब देणे आहे. सही करा. न कराल तर पाद्रीपण जाईल, झगा उतरवावा लागेल. साठीनंतर कुठे जाल?" इनासचे नाव निघालेच नाही. पाद्रींनी सही केली, आणि बाहेर येऊन जिन्यावर बसून राहिले. मग रविवारी गावचे देवळात आज्ञापत्र वाचावयाचे आले, ते वाचले. लोक प्रसादास रांगेने आले, त्यात इनास पुढे आला आणि सारे देऊळ पाहू लागले. इनास हलकेच म्हणाला, "फादर, अडचण असेल तर मी मागे जातो." पाद्रींनी प्रसाद इनासचे जिभेवर ठेविला. मागे रुमाव होता, त्यासही दिला. तिसरे दिवशी बिशपांचा कागद आला आणि झगा गेला.

सारांश, वचन कोणते प्रतीचे हा वाद पुढेही चालत राहिला. बस्त्याव बहिणीचे घरी राहिले. इनास आणि रुमाव मात्र पुन्हा प्रसादास आले नाहीत, आपल्यापायी आणखी कोणाचा झगा उतरेल या भयाने.