साडेसात पौंडांचा कांदा आणि एकच परवाना

"आई, फक्त अर्धा तास. सात ते साडेसात टीव्ही बंद ठेवा, एवढंच म्हणतोय मी."

"सात वाजता माझी प्रश्नमंजूषा असते, डेस्मंड. तुला ठाऊक आहे."

"अहो, पण आज मी टीव्हीवर आहे!"

"मग बघ की. मी कुठं नको म्हणते?" आणि डेस्मंडच्याच रॉदरहॅमच्या घरातून सासूबाईंनी फोन ठेवून दिला.

समुद्रकाठच्या कॅरव्हॅन पार्कातल्या टेलिफोनच्या खोक्यात डेस्मंड पिकर्सगिल रिसीव्हर हातात धरून तसाच उभा राहिला. त्याच्या साडेसात पौंडांच्या कांद्याला यंदा भाज्यांच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि कांद्यासकट त्याची मुलाखत आज सात वाजता दाखवणार होते. एकदाच. सव्वीस वर्षं त्यानं कांद्यांची पोरांसारखी निगा राखली होती, तेव्हा कुठं हा दिवस उजाडला होता.

"लाव ना टीव्ही," त्याची बायको बेरिल म्हणाली. "इथं कोण बघायला येतंय?"

"मी सही केलीय, बेरिल."

सही खरी होती. तिकडं टीव्ही बघायला परवाना घ्यावा लागतो. जमिनीत रोवलेल्या सुट्टीच्या कॅरव्हॅनला घरचाच टीव्हीचा परवाना चालतो, मात्र घरी आणि कॅरव्हॅनमध्ये एकाच वेळी टीव्ही लावायचा नाही, असं लेखी द्यावं लागतं; खोटी माहिती दिल्यास दंड. पार्काचा चिटणीस म्हणून डेस्मंडनं एकेचाळीस कॅरव्हॅनची दारं ठोठावून हे कागद भरून घेतले होते. सही करताना जे हसले, त्यांना त्यानं नियम दोनदा वाचून दाखवला होता.

दोघं शेजारच्या विनिफ्रेडकडे गेली.

"लावला असता रे," विनिफ्रेड म्हणाली, "पण घरी आमचे हे बघतायत. तूच नाही का सकाळी दुधाच्या रांगेत सांगितलंस, घरच्यांना फोन करा, सात वाजता मला बघायला सांगा म्हणून?"

पलीकडच्या कॅरव्हॅनमध्ये तेच. त्याच्या पलीकडे तेच. एकेचाळीस घरांत एकेचाळीस टीव्ही डेस्मंडची वाट बघत होते आणि म्हणून पार्कात एकही लावता येत नव्हता. लोक दारात उभे राहून त्याला नियम समजावून सांगत होते. त्यांना इतकं आनंदानं नियम पाळताना डेस्मंडनं कधी पाहिलं नव्हतं.

"क्लाइव्हला विचार," विनिफ्रेड म्हणाली. "त्याची कॅरव्हॅन गाडीला जोडून ओढायची आहे. तिला ही अट नाही."

डेस्मंडचा चेहरा पडला. गवत खराब होतं म्हणून क्लाइव्हच्या विरोधात त्यानं तीन तक्रारी केल्या होत्या. पण अडला हरी! सात वाजायला चार मिनिटं असताना तो क्लाइव्हच्या दारात उभा राहिला. मागे सारा पार्क.

"या, चिटणीससाहेब," क्लाइव्ह म्हणाला. "टीव्ही मागच्या टोकाला आहे, तुम्ही सगळे पुढंच बसा. कॅरव्हॅन टेकवायचे चार पाय असतात ना, ते मी वर घेतलेत. गवतात रुतवायचे नाहीत, असं पत्र आलंय मला."

"कुणाचं?" बेरिलनं विचारलं.

"तुझ्या नवऱ्याचं."

सतरा जण कसेबसे मावले. चहाची किटली हातोहात फिरली. कोबी झाला, गाजरं झाली आणि निवेदिका म्हणाली, "आणि आता, यंदाचा कांदा!"

पडद्यावर कांदा आला. त्याच्यामागून डेस्मंडचा अर्धा कान आला. "अगं बाई, केवढा हा!" म्हणत सतराच्या सतरा जण एकदम मागे टीव्हीकडे सरसावले. कॅरव्हॅननं नाक वर केलं आणि बूड टेकलं. टीव्ही फळीवरून घसरला, किटली डेस्मंडच्या छातीवर आली आणि सगळा पार्क एकमेकांच्या मांडीवर जाऊन बसला. कुणाला काही लागलं नाही. पडदा मात्र काळा झाला तो झालाच.

गवतातून ओल्या टायनं डेस्मंड परत निघाला, तर खोक्यातला टेलिफोन वाजत होता.

"झालं का रे?" सासूबाई विचारत होत्या. "लावू आता टीव्ही?"

"म्हणजे? तुम्ही बघत नव्हता?"

"सातलाच बंद केला. म्हटलं, एकदाच तर येणार होतास टीव्हीवर. विणत बसले होते. शेजारीण तिच्याकडे बघायला बोलवत होती, पण गेले नाही. तुझ्या सहीचं काय असतं ते मला कळत नाही, उगाच तुला त्रास नको. कसा दिसत होतास?"

डेस्मंडच्या टायवरून चहा ठिबकत होता. मागे बेरिल आणि विनिफ्रेड कान देऊन उभ्या होत्या.

"छान दिसत होतो, आई," तो म्हणाला. "कांदा तर फारच छान."

खोटी माहिती दिल्यास काय होतं, हे त्या पार्कात त्याच्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं.