वॉरंटी म्हणजे शालिग्राम!

"वॉरंटी? कायले पाह्यजे वॉरंटी? ह्या लॅपटॉपची वॉरंटी मी हाओ, मी!"

चिखलीच्या दुकानात काचेच्या काउंटरवर मूठ आपटून शालिग्रामने हे जाहीर केलं, तेव्हा दुकानदार हर्षलच्या हातातलं पेनच खाली पडलं. शालिग्रामची मुलगी अपेक्षा हिने ओढणीत तोंड लपवलं. बायको कौशल्याबाई मात्र शांतपणे छताकडे बघत राहिली. नवरा चारचौघांत बोलायला लागला की छताकडे बघायचं, ही तिची लग्नापासूनची सवय होती.

हर्षलने पेन उचललं. "काका, कंपनीची एक वर्षाची असतेच. ही त्याच्या पुढची दोन वर्षं. मशीनचा काय भरवसा?"

"मशीनचा नसन, माह्या तं हाये ना! ये एक डाव आमच्या गावाले, अमडापूरले. सासऱ्यानं लग्नात देल्ली शिलाई मशीन पाह्य, आवाज करत नाई. माह्या बापाची सायकल पाह्य. विहिरीवरची मोटर पाह्य. सांग, कोनाची हाये वॉरंटी त्यायले? माही!"

हे काही अगदीच खोटं नव्हतं. शालिग्रामच्या घरात वस्तू टिकत, आणि त्या का टिकतात याचं गुपितही तो कोणापासून लपवत नसे. उलट कोणी विचारलं नाही तरी सांगे. ते गुपित म्हणजे शनिवारचं तेल!

दर शनिवारी सकाळी आंघोळ करून शालिग्राम तिळाच्या तेलाची वाटी घेऊन मारुतीला जायचा. अर्धी वाटी मारुतीच्या डोक्यावर, आणि उरलेली अर्धी घरी परत. मग ते तेल शिलाई मशीनच्या चोचीच्या कुप्पीत भरून तो घरभर फिरायचा. दाराच्या बिजागरीला दोन थेंब, सायकलच्या साखळीला चार, शिलाई मशीनला सहा. "अरे, देवाले तेल लागते, तं मशीन कोन लागून गेली!" हे त्याचं तत्त्वज्ञान होतं.

एकदा भिंतीवरच्या घड्याळालाही हा लाभ मिळाला. तेव्हापासून ते घड्याळ असं काही निवांत झालं की घरात कोणी "नऊ वाजले" म्हणालं तर दुसऱ्याला विचारावं लागे, "तेलाचे नऊ की खरे नऊ?" मिक्सरचीही एक हकिकत आहे, पण ती कौशल्याबाईसमोर काढू नये. त्या दिवशीच्या शेंगदाण्याच्या चटणीचं नाव काढलं की तिला अजून ढेकर येतो.

तर वॉरंटी न घेता, मान ताठ ठेवून शालिग्राम दुकानाबाहेर पडला. रसवंतीपाशी पोचतात तोच कौशल्याबाई थबकली.

"माही पिशवी राह्यली वाटते आत. तुमी रस सांगा, मी आलीच."

ती आली तेव्हा रसावरचा फेस बसला होता. पण शालिग्राम आपल्याच भाषणाच्या नशेत होता. तो म्हणाला, "पाह्यलं? कसा गप केला पोट्ट्याले!"

"हाव ना," कौशल्याबाई म्हणाली आणि रस प्यायली.

अपेक्षाचं बीसीए झालं होतं. पुण्याच्या कंपन्यांना ती अर्ज करत होती आणि मुलाखती सगळ्या लॅपटॉपवरच व्हायच्या होत्या. म्हणजे हा लॅपटॉप ही काही हौस नव्हती, पोरीचं पुढचं सगळं त्यावर होतं. तरीही बापाची चेष्टा करायची संधी ती थोडीच सोडते! काही अडलं की ती माजघरातून हाक मारायची, "बाबाऽ! वॉरंटीऽऽ!"

आणि वॉरंटी धावत यायची! एकदा स्क्रीन काळी झाली. शालिग्रामने बघितलं तर चार्जरची पिन निघालेली. लावली, प्रकाश पडला. एकदा बटण अडकलं. त्याने खराट्याची काडी घालून आतून पोह्याचा दाणा बाहेर काढला आणि तो दाणा तळहातावर घेऊन घरभर दाखवला. डॉक्टर पोटातून काढलेला खडा दाखवतो ना, तसा!

हा सोहळा शेजारच्या पुंजाजीने पाहिला. पुंजाजीचा वांग्याचा मळा शालिग्रामच्या मळ्याला लागून आणि त्याचं तोंड अख्ख्या गावाला लागून. त्याने पारावर सांगितलं, "शालिग्रामभाऊनं वॉरंटी घेतली नाई, सोताच देल्ली." दुपारपर्यंत त्याचं झालं, "शालिग्रामभाऊ वॉरंटी देते." आणि दिवे लागायच्या वेळेला गाव म्हणू लागलं, "शालिग्रामभाऊ समद्यायलेच वॉरंटी देते!"

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई मिक्सर काखोटीला मारून दारात हजर!

"भाऊ, हा घ्या. धूर सोडून राह्यला."

"मंग मी काय करू वं?"

"काय करू म्हंजे? दुकानदार म्हने, वॉरंटी घ्या. मी म्हटलं, कायले? आमच्या गावात शालिग्रामभाऊ बसेल हाये! तुमच्या भरोशावर नाई घेतली मी!"

आता सांगा, यावर नाही कसं म्हणणार? छाती इतकी फुगलेली असताना माणसाच्या तोंडून 'नाही' निघतच नाही. शालिग्रामने कुप्पी काढली. झुंबरबाईमागून कोणाचा टेबल फॅन आला, कोणाचा फवारणीचा पंप आला, एक जण तर कुत्रं भुंकत नाही म्हणून घेऊन आला. त्याला मात्र कौशल्याबाईने फाटकातूनच परत लावलं. ज्यांचं काम झालं ते गावभर सांगत सुटले. ज्यांचं नाही झालं ते गप्प बसले. फुकटच्या कामाची तक्रार कोणत्या तोंडाने करणार? त्यामुळे शालिग्रामचा बोलबाला वाढतच गेला.

"तेल कोनाचं चाललं पन?" कौशल्याबाईने एकदा विचारलं.

"अवं, नाव कोनाचं होऊन राह्यलं ते पाह्य!"

"नावात भाजी परतता येते का?"

अशात अपेक्षाला पुण्याहून फोन आला. मुलाखत सोमवारी सकाळी अकराला! पोरगी दोन दिवस आरशासमोर इंग्रजी बोलत होती. घरातलं वातावरणच बदललं. शनिवारी सकाळी चहा पिताना ती सहज म्हणाली, "लॅपटॉप जरा आवाज करते, बाबा. घूंऽऽ असा. गरमीचा करत असन." आणि ती पुंजाजीच्या मुलीकडे, राखीकडे, मुलाखतीचा सराव करायला निघून गेली.

आवाज! शालिग्रामच्या घरात, त्याची वॉरंटी असलेली वस्तू आवाज करते! त्याने चहा तसाच ठेवला. तो मारुतीला गेला, वाटी अर्धी वाहिली, अर्धी आणली आणि कुप्पी भरून लॅपटॉपसमोर बसला. उलटा केला, सुलटा केला. आणि बाजूला त्याला ती बारीक जाळी दिसली.

शालिग्रामचे डोळे चमकले. "अस्सं! म्हंजे कंपनीनं तेल टाकायले जागा ठेवली हाये! पन सांगतलं नाई कोनाले. कसे सांगतीन? सांगतलं तं वॉरंटी कोन इकत घेईन!"

कंपनीचं कारस्थान उघडं पाडून त्याने जाळीत चार थेंब सोडले. मग दुसऱ्या बाजूला चार. मग मनात आलं, एवढी महागाची वस्तू, आणि हिला सायकलीइतकंच तेल? म्हणून आणखी थोडं. पुसून, बटण दाबून कान लावला, तर काय आश्चर्य! आवाज बंद! लॅपटॉप देवघरासारखा शांत. शालिग्रामने कुप्पी कपाळाला लावली.

आवाज का बंद झाला, हे रविवारी सकाळी कळलं. अपेक्षाने लॅपटॉप उघडला, थोड्याच वेळात तो तव्यासारखा तापला आणि आपोआप बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद.

"बाबाऽऽ! वॉरंटीऽऽ!"

या वेळच्या हाकेत चेष्टा नव्हती. शालिग्राम आत आला तर पोरीच्या डोळ्यांत पाणी. "बाबा, उद्या अकराला इंटरव्ह्यू हाये. आता काय करू मी?"

गावाचे मिक्सर गेले खड्ड्यात, नाव गेलं खड्ड्यात. ही पोरगी रडते आणि रडवणारी कुप्पी आपल्या खुंटीला लटकते आहे! सांगून टाकावं असं त्याला अगदी ओठांपर्यंत आलं. पण ओठांवर जे आलं ते वेगळंच होतं.

"धूळ असन. मी आनतो करून. तू रडू नको, मी हाओ ना!"

त्या 'मी हाओ ना'वर कौशल्याबाईने छताकडे पाहिलं.

रविवारी दुकान दुपारपर्यंतच उघडं. शालिग्रामने लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला आणि मिळेल त्या जीपमध्ये घुसला. मांडीवर ते गाठोडं, बाहेर ऊन आणि आत चौदा माणसं. थोड्या वेळाने शेजारची म्हातारी नाक वर करून हुंगायला लागली आणि तिने गाठोड्याला हात लावून नमस्कारच केला. "कोन्या मारोतीले जाऊन आले, दादा?"

हर्षलने मागचं झाकण उघडलं, वाकून पाहिलं, वास घेतला आणि पुन्हा पाहिलं.

"काका, याच्यात भजे तळले का?"

"धूळ असन," शालिग्राम खाली बघत म्हणाला.

"धूळ हायेच ना. पन तेलात मळेल हाये! आतला पंखा पुरा चिकटला. हवा नाई म्हनून तापून बंद पडते."

शालिग्रामने इकडेतिकडे पाहिलं. दुकानात कोणी नव्हतं. त्याने हात जोडले. "मीच टाकलं बाप्पा. तू वाट्टेल ते बोल मले. पन वाचन का हे? उद्या पोरीचा इंटरव्ह्यू हाये."

त्याचा चेहरा पाहून हर्षलचं हसू घशातच राहिलं. "वाचते, काका. आतलं समदं साफ करतो, पंखा नवा टाकतो. बसा, पानी प्या."

शालिग्राम बसला. दोन ग्लास पाणी प्याला. लॅपटॉपचे एकेक स्क्रू निघताना तो मारुतीचं नाव घेत होता, मग मारुतीचं नाव घेतलं की तेल आठवत होतं, म्हणून त्याने ते घेणंही थांबवलं. शेवटी तो खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, "हर्षल, ते तुही वॉरंटी... आता भेटते का रे? हे दुरुस्त झाल्यावर? पन कोनाले सांगू नको."

हर्षलने कॉम्प्युटरवर नंबर टाकला आणि शालिग्रामकडे पाहिलं. "काका, वॉरंटी तं घेतलेलीच हाये याची! त्याच दिवशी. काकू पिशवी राह्यली म्हनून आत आल्या होत्या ना?"

शालिग्राम ताडकन उभा राहिला. "मले न इचारता? एवढा भरवसा नाई माह्यावर?"

"आता कसं सांगू तुमाले," हर्षल कान खाजवत म्हणाला. "मी इचारलं होतं त्यायले. म्हटलं, काकू, भेव कायचं हाये? पानी सांडायचं, पडायचं, का लाइटीचं? त्या म्हने, तसं काईच नाई रे बाबा. आमच्या घरी दर शनिवारी तेल घालनारा मानूस हाये. त्याच्यापासून वाचवनारी काई भेटते का?"

शालिग्राम खाली बसला.

"मंग? तू काय म्हटलं?"

"म्हटलं, तेल नाई बसत याच्यात. तं म्हने, जे बसते ते दे बाप्पा, बाकीचं माह्या नशिबात हायेच!" हर्षलने अदबीने बिल पुढे केलं. "म्हनून आजचे पैसे तुमालेच द्या लागतीन, काका."

संध्याकाळी घरी अपेक्षाने लॅपटॉप लावला. पंखा फिरला, घूंऽऽ! असला गोड आवाज शालिग्रामने जन्मात ऐकला नव्हता.

"धूळ होती," तो म्हणाला.

"हाव," कौशल्याबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "वासावरूनच समजलं. तिळाची धूळ दिसते."

पिशवीचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही. सोमवारी मुलाखत चांगली झाली. पुढच्या फेरीला बोलावणं आलं तेव्हा अपेक्षा आधी बापाच्या गळ्यात पडली. "बाबा, तुमची वॉरंटी लय भारी!" शालिग्रामला हसू येईना आणि रडूही येईना. त्याने नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या शनिवारी मारुतीला पहिल्यांदाच पूर्ण वाटी तेल मिळालं. शालिग्राम रिकामी वाटी घेऊन परत येतो तोच पुंजाजी ओट्यावर बसलेला. कौशल्याबाई दारात मेथी निवडत होती.

"शालिग्रामभाऊ, फ्रिज घ्याले चाललो चिखलीले. वॉरंटी घेऊ का नको घेऊ? तुमी म्हनान तसं."

मेथी निवडणारे हात थांबले. शालिग्रामने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा रिकाम्या वाटीकडे पाहिलं.

"पुंजाजी, ते फ्रिज पाहून नाई ठरत. घरात मानूस कोन हाये, ते पाहून ठरते. तुह्या घरी बाहेरचं येनं-जानं कोनाचं हाये?"

पुंजाजी चकित झाला. "कोनाचं म्हंजे? तुमचंच तं हाये, भाऊ!"

"मंग घेऊनच टाक!" शालिग्राम म्हणाला आणि वाटी घेऊन मुकाट्याने आत गेला.